काशिरामाची उघाडी

नवीन पनवेल, सेक्टर तेरा
३० जुलै २०२५

प्रति,
श्री. आनंदा बाळाराम मढवी
अध्यक्ष, बांध मंडळ
मु. धाकटी खार, ता. पनवेल

महोदय,

सख्ख्या चुलतभावाला 'महोदय' म्हणायची वेळ आपणच आणलीत. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून मला काढलंत. फोन केला की जनीवहिनी उचलते आणि "ते बांधावर हायेत" म्हणून ठेवून देते. आठ-आठ दिवस माणूस बांधावरच कसा असतो? आणि एवढा बांधावर असतो तर चोवीस तारखेला कुठे होता? म्हणून रजिस्टर पोस्टाने लिहितो आहे. पोचपावती येईल, म्हणजे पत्र मिळालंच नाही असं म्हणायची सोय राहणार नाही.

गुरुवार, २४ जुलै, आषाढ अमावस्या. दुपारी बाराच्या उधाणाला आपल्या बांधाची उघाडी सताड उघडी होती. बत्तीस घरांच्या चाळीस एकरांत खाडी शिरली. लावणी होऊन बारा दिवस झाले होते, रोपांनी नुकतं मूळ धरलं होतं. आता तिथे पिवळा चिखल आहे. त्यातलं दीड एकर माझ्या बाबांचं आहे.

उघाडी म्हणजे काय हे मी अध्यक्षांना शिकवावं, ही कमाल आहे. ओहोटीला फळ्या उचलायच्या आणि शेतातलं पावसाचं पाणी खाडीत सोडायचं. भरतीच्या आधी फळ्या पाडायच्या आणि खारं पाणी बाहेर ठेवायचं. गावातलं शेंबडं पोरही हे जाणतं. बाबांनी चाळीस वर्षं हे काम बिनपगारी केलं, एक दिवस चुकले नाहीत. खाडीपलीकडचे लोक अजूनही तिला 'काशिरामाची उघाडी' म्हणतात. सहा वर्षांपूर्वी आई गेली आणि बाबा माझ्याकडे आले, तेव्हा कुलपाची किल्ली त्यांनी तुमच्या हातात दिली. सहा वर्षांत तुम्ही चाळीस वर्षांची माती केलीत.

आपण लोकांना सांगितलंत म्हणे, "मीच फळ्या काढल्या आणि विसरलो." विसरलात! बुधवारी गटारी झाली, मटण झालं, मटणाबरोबर जे असतं तेही झालं असणार. गुरुवारी दुपारपर्यंत अध्यक्षांचं विमान खाली उतरलं नव्हतं, असं गाव बोलतंय.

कुंदन ठाकूर आणि मी गावकीकडे अर्ज दिला आहे. गणपतीच्या आधीच्या रविवारी, २४ ऑगस्टला, गावदेवीच्या देवळात बैठक आहे. आपला लेखी खुलासा समाधानकारक नसेल तर किल्ली काढून कुंदनकडे द्यावी आणि आपलं घर मंडळातून कमी करावं, अशी मागणी आहे.

कळावे.
दीपेश काशिराम मढवी


धाकटी खार
४ ऑगस्ट

दीपेश,

तुझं पत्र मिळालं. पोस्टमनने सही घेतली आणि विचारलं, "कोर्टाचा हाय काय?" म्हटलं, नाही, भावाचं आहे. तो म्हणाला, "मंग त्याच्यापरीस वाईट."

खुलासा हवा ना, घे. फळ्या निघाल्या होत्या, भरती आली, शेतं बुडाली. किल्ली माझ्याकडे, म्हणजे चूक माझी. यापेक्षा जास्त खुलासा मला येत नाही. दारूचं म्हणशील तर लोकांच्या तोंडाला मी बूच लावू शकत नाही आणि तुझ्या तर नाहीच नाही.

आता मंडळाचं ऐक, कारण तू मंडळाची फार काळजी करतोस. आपल्याकडे घरटी एक माणूस बांधावर येतो. मे महिन्यात चिंबोऱ्यांची बिळं बुजवायची, जूनमध्ये ओळीने उभं राहून चिखलाचे गोळे हातोहात वर चढवायचे, आणि उधाणाच्या दिवशी हाक आली की ताटावरून उठायचं. तुझ्या घरचा माणूस पाच वर्षांत एकदा आला. पांढरे बूट घालून आला. एका बिळात मूठभर चिखल घातला, फोटो काढला, त्याखाली 'माझी माती, माझी माणसं' लिहिलं आणि अकरा वाजता गेला. ते बीळ आम्ही नंतर पुन्हा बुजवलं.

आणि ज्याला किल्ली द्यायला निघालास तो कुंदन कोण? ज्याचे भरावाच्या मातीने भरलेले डंपर पळस्प्याच्या नाक्यावर उभे असतात, कोणाचं शेत मिळतंय याची वाट बघत. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात ते हेच. शेतं भरून विकायच्या त्याच्या संमतीपत्रावर तू सही केली आहेस हे मला ठाऊक आहे. बाबांचं दीड एकर म्हणून गळा काढतोस, आणि त्याच दीड एकरात सहा फूट माती ओतायला 'हो' म्हणून बसलास. त्यात लावणी मी आणि जनीने केली होती. तू नाही.

दोन गोष्टी सांगतो. नारळी पौर्णिमेला यंदा काकाला गावात आणू नकोस. आणि काकाला घरात एकटं ठेवू नकोस. कारण विचारशील तर सांगणार नाही.

आशीर्वाद यावेळी नाहीत.
आनंदा


नवीन पनवेल
९ ऑगस्ट

श्री. आनंदा मढवी,

चोराच्या उलट्या बोंबा ऐकल्या होत्या, लेखी पहिल्यांदाच पाहिल्या.

सही केली. हो, केली. भात लावून आपल्या घराण्यात कोण मोठं झालं ते मला सांगा. मी कंटेनर यार्डात सुपरवायझर आहे, दिवसाला तीनशे गाड्या माझ्या सहीने आत-बाहेर होतात, आणि माझं एक मिनिट इकडेतिकडे होत नाही. तुम्हाला महिन्यातून दोन उधाणं सांभाळता येईनात!

काल नारळी पौर्णिमा झाली. दरवर्षी उघाडीवरून खाडीला पहिला नारळ बाबा देतात. गावाने दिलेला मान आहे तो, तुमच्या खिशातला नव्हे. तुम्ही 'आणू नकोस' म्हणालात म्हणून नाही, पाऊस फार होता म्हणून आणलं नाही. ते सकाळी सातला धोतर नेसून, मांडीवर नारळ घेऊन सोफ्यावर बसले होते. मी म्हटलं, बाबा, पाऊस आहे. ते म्हणाले, "पावसाला कवापासून भ्यायला लागलास र तू?" दुपारी चारपर्यंत तसेच बसले. मग त्यांच्या सुनेने, प्राचीने, तो नारळ हळूच काढून आत ठेवला. हे तुमच्यामुळे झालं. स्वतःचं नाक कापलं गेलं म्हणून म्हाताऱ्याचा मान काढून घेता? लाज वाटली पाहिजे.

आणि बाबांना एकटं ठेवतो हे तुम्हाला कोणी सांगितलं? मी यार्डात, प्राची बँकेत, आम्ही साडेसहाला घरी येतो, हे खरं. पण कामाची बाई सकाळी दहापर्यंत असते, जेवण वाढून झाकून जाते. बाबा खातात, झोपतात, खाली बागेत बसतात. गेटवर वॉचमन आहे, नोंदवही आहे, कॅमेरा आहे. सोसायटीतून मांजर बाहेर गेली तरी लिहिली जाते. तुमच्या उघाडीपेक्षा आमचं गेट बरं.

थोडा विसरभोळेपणा आला आहे त्यांना, वय आहे. त्याचं औषध चालू आहे. तुम्ही तुमच्या विसरण्याचं औषध बघा.

बैठकीला भेटूच.
दीपेश


धाकटी खार
१३ ऑगस्ट

दीपेश,

तुझ्या वॉचमनचं कौतुक मला सांगू नकोस. तो खुर्चीत पाय वर घेऊन मोबाईल बघत असतो, समोरून हत्ती गेला तरी मान वर करत नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं करण्याआधी आपल्या घरात बघ.

इथली हकिगत सांगतो, म्हणजे तुझं मन शांत होईल. मंडळात हाक मारली तर कोणी येत नाही. रोज ओहोटीला फळ्या उचलून पावसाच्या गोड्या पाण्याने शेतं धुवायला हवीत, नाहीतर पुढच्या वर्षीही काही उगवणार नाही. चाळीस एकर, आणि मी आणि जनी दोघंच. परवा देवळासमोरून गेलो, पारावर सात-आठ जण होते. एकानेही "ये आनंदा, चा घे" म्हटलं नाही. पंचावन्न वर्षांत असं झालं नव्हतं. मी घरी येऊन मोरीत तोंड धूत राहिलो, जनीला वाटलं मी माती काढतोय.

किल्ली गेली तर मला काय उरतं हे तुला कळायचं नाही. तुला ऑफिस आहे. मला ही उघाडी आहे. सकाळी उठलो की तिथी मोजतो आणि मग चहा पितो. ती कुंदनच्या हातात गेलेली बघायला मी बांधावर जाऊ शकणार नाही. पण घ्यायची असेल तर घ्या. मी कोणाच्या पाया पडणार नाही.

काकाचं मात्र ऐक. एकटं ठेवू नकोस. तिसऱ्यांदा सांगणार नाही.

आनंदा


नवीन पनवेल
१७ ऑगस्ट

दादा,

तुझं पत्र वाचून मला एकच प्रश्न पडला. आमचा वॉचमन खुर्चीत पाय वर घेऊन बसतो, हे तुला कसं माहीत? सहा वर्षांत तू आमच्या सोसायटीत पाय ठेवला नाहीस. मला वाटलं, तू कोणालातरी माझ्या घरावर नजर ठेवायला लावलंस. म्हणून पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झाल्यावर मी सेक्रेटरीकडून नोंदवही मागून घेतली. बाबा गेटबाहेर कधीच जात नाहीत हे लेखी काढून, त्याची झेरॉक्स तुला पाठवायची आणि तुझं तोंड बंद करायचं, असा विचार होता.

२४ जुलैचं पान काढलं. सकाळी १०.२०, ३०२, काशिराम मढवी, बाहेर. सायंकाळी ५.४०, पाहुणा: आ. बा. मढवी. कोणाकडे: ३०२. कारण या रकान्यात तू लिहिलंस, 'काका'.

तुझं अक्षर मला ओळखू येणार नाही असं वाटलं तुला? मला मराठी शाळेत पाटीवर तूच गिरवायला शिकवलंस.

मी वर गेलो. बाबांना विचारलं, तुम्ही गावाला गेला होतात का? ते म्हणाले, "मी कंय जातंय? तू नेतोस कवा?" खरंच आठवत नाही त्यांना. प्राचीला विचारलं. ती म्हणाली, त्या दिवशी बाबांच्या अंगात निळ्या चौकडीचा शर्ट होता, आपला नव्हता. तिला वाटलं इस्त्रीवाल्याने कपडे बदलले. मग मी बाबांच्या कमरेला हात घातला. करगोट्याला किल्ली बांधलेली आहे. त्याच कुलपाची दुसरी किल्ली. सहा वर्षं माझ्या घरात, माझ्या बाबांच्या कमरेला आहे, आणि मला माहीत नाही.

दादा, तू मला तीन आठवडे नाचवलंस. मी तुला दारुडा म्हटलं, गावभर अर्ज फिरवला, कुंदनबरोबर घरोघर जाऊन सह्या घेतल्या, आणि तू एका ओळीने सांगितलं नाहीस. फार मोठा झालास ना? मी खाली बसून घाण उपसावी आणि तू वरून बघावंस. मला तुझा संताप आला आहे.

बैठकीत मी खरं काय ते सांगणार. त्या दिवशी नेमकं काय झालं ते मला लिहून पाठव.

दीपेश


धाकटी खार
१९ ऑगस्ट

दीपेश,

खबरदार, तोंड उघडलंस तर.

काय झालं ते ऐक. त्या दिवशी मी कोन गावाला खताचं बघायला गेलो होतो. बाराच्या भरतीला फळ्या पाडलेल्या होत्या, कुलूप होतं, मला घोर नव्हता. दीडला परत आलो तर लांबूनच शेतात पाणी चमकताना दिसलं. धावत गेलो. उघाडीच्या चारही फळ्या वर, बाजूला नीट रचून ठेवलेल्या, जशा काका ठेवायचा तशा. आणि काका बांधावर बसलेला, डोक्याला टॉवेल, कमरेपर्यंत चिखल. मला बघून खूश झाला. म्हणाला, "आनंदा, मना वाटला तू इसरलास. पानी तुंबला व्हता. आज अष्टमी हाय, आता उतरंल बग."

तुला येतं का अजून ते गणित? तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला भरती सहाला, म्हणजे बाराला ओहोटी. बाराला फळ्या काढायच्या. काकाचं गणित चोख होतं रे. ती अष्टमीच नव्हती, अमावस्या होती, बाराचं उधाण होतं. त्याने दिवस चुकवला आणि काम बरोबर केलं. ऐंशीचा म्हातारा, तीनआसनी रिक्षाने आला, एक किलोमीटर चिखलातून चालला, आणि ज्या फळ्या मला एकट्याला जड जातात त्या एकट्याने उचलल्या. पाणी उलटं येतंय हे त्याला दिसत नव्हतं. तो बघत होता आणि त्याला दिसत नव्हतं.

पावसामुळे शिवारात कोणी नव्हतं. जनीने त्याला आंघोळ घातली, माझा शर्ट दिला, भात वाढला. मी त्याला मोटारसायकलवर पुढ्यात बसवून तुझ्या दारात सोडलं. वॉचमनने मोबाईलवरून मान न उचलता वही पुढे केली. परत आलो तोवर गाव बांधावर जमलं होतं. कुंदन ओरडत होता, "कोनी उघारली?" मी म्हटलं, मी.

तुला का नाही सांगितलं? कारण तू असाच आहेस. तू खरं सांगणार, फोटो लावणार, डॉक्टरचा कागद दाखवणार. आणि उद्यापासून 'काशिरामाची उघाडी' म्हटलं की लोक हसणार. काकाकडे दुसरं काय आहे? बायको गेली, शेत तू विकायला काढलंस, घर सुटलं. गावात आला की लोक पाया पडतात, त्यावर तो महिनाभर जगतो. माझं काय, चार वर्षं बोलतील आणि दमतील.

हे उपकार तुझ्यावर नाहीत. तुझं तोंड बघायची मला इच्छा नाही. वरातीमागून घोडं नाचवू नकोस. त्याच्या कमरेची किल्ली काढ आणि रविवारी घरी बस.

आनंदा


नवीन पनवेल
२१ ऑगस्ट

दादा,

मला हुकूम सोडायचे नाहीत. मी तुझ्या मंडळाचा माणूस नाही, तूच काढलंस.

किल्ली काढली. बाबा दोन दिवस कंबर चाचपत घरभर फिरत आहेत. काय शोधताय विचारलं तर सांगता येत नाही त्यांना.

रविवारी मी येणार. प्राची बँकेच्या कामाने पुण्याला जाते आहे, म्हणून बाबांनाही आणणार. त्यांना एकटं ठेवू नको असा तुझाच जप चालू होता ना? मग आता तक्रार करू नकोस. मी खरं सांगणार नाही, एवढा शब्द देतो. बदल्यात तू एक करायचंस. मी उभा राहून काहीही बोललो तरी तू तोंड उघडायचं नाहीस. गावदेवीची शपथ आहे तुला.

दीपेश


धाकटी खार
२५ ऑगस्ट

दीपेश,

तू बैठकीतून उठून गेलास, फोन बंद ठेवलास, म्हणून लिहितो. नाहीतर तुला लिहायला माझ्याकडे एक शब्द नाही.

हे काय करून ठेवलंस तू? गावकीपुढे उभा राहिलास आणि म्हणालास, "उघाडी आनंदादादाने नाही, मी उघडली. बाबांकडची किल्ली घेतली. शेतं खारवली की सगळे भरावाला तयार होतील, म्हणून उघडली." मी उभा राहणार होतो. तू माझ्याकडे बघितलंस. देवीच्या समोर शपथ मोडायची माझी छाती झाली नाही, त्याबद्दल मी कालपासून स्वतःला शिव्या देतो आहे.

आणि एकानेही विचारलं नाही, दीपेश. कधी आलास, कोणी बघितलं, मग अर्ज का केलास, काहीही नाही. बत्तीस घरांतून एक प्रश्न नाही. मला वाटलं एखादी म्हातारी तरी म्हणेल, काशिरामाचा पोरगा असं करायचा नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या, जसं काही त्यांना आधीच माहीत होतं. कुंदनसुद्धा खरं समजला. मग बाहेर येऊन माझ्या कानात म्हणाला, "मना इचारला असता तर मी जे.सी.बी. दिला असता."

तू काकाला पहिल्या ओळीत बसवलं होतंस. तुला वाटलं असेल त्याला काही समजणार नाही. चार गाववाले भोवती दिसले की त्याचं डोकं घटकाभर लख्ख होतं, हे मला ठाऊक होतं आणि मी तुला लिहिलं नाही. तो उठला तेव्हा मला वाटलं लघवीला निघाला. त्याने चप्पल काढली. तू हलला नाहीस. तीन मारल्या त्याने, लोकांनी धरेपर्यंत. "चाळीस वरसां मी राखली, आनि तू बुरवलीस? माज्या किल्लीनं?" असं म्हणत होता, आणि रडत होता, आणि तू मान खाली घालून उभा होतास.

मग तो तुझ्या गाडीत बसेना. जनीचा हात धरून आमच्या घरी आला. म्हणाला, "त्याच्या घरचा पानी मी पिनार नाय." कालपासून इथेच आहे.

किल्ली माझ्याकडे राहिली. आज हाक न मारता एकवीस माणसं शेतं धुवायला आली. मला चहा पाजतात, माझी माफी मागतात. तो चहा मी त्यांची पाठ फिरली की बांधावर ओततो. तुझं घर मंडळातून बाद झालं. वाळीत टाकलं म्हणून उद्या कोणी पोलिसांत जाऊ नये, म्हणून वहीत 'दीपेश मढवी यांनी स्वेच्छेने' असं लिहिलं आहे. स्वेच्छेने! हात दाखवून अवलक्षण करून घ्यायची तुला लहानपणापासून खोड आहे.

मी काकाला खरं सांगणार आहे. तू नको म्हटलंस तरी. देवीची शपथ बैठकीपुरती होती. त्याआधी एकदा तुला विचारतो, एवढंच.

आनंदा


नवीन पनवेल
२ सप्टेंबर

दादा,

सांगायचं नाही.

प्राचीने गोळ्या रिक्षाने पाठवल्या त्या कशा द्यायच्या ते वहिनीला फोनवर सांगितलं होतं, तरी लिहितो, कारण तुझ्यावर माझा भरवसा नाही. पांढरी सकाळी चहानंतर, अर्धी. पिवळी दुपारच्या जेवणात कालवून, नुसती दिली तर ते खिशात ठेवतात. संध्याकाळी पाचनंतर त्यांना घर सोडून जावंसं वाटतं, तेव्हा काहीतरी हाताला काम द्यायचं, लसूण सोलायला किंवा दोरी वळायला. दाराला आतून वरची कडी लावायची, खालची त्यांना उघडता येते. उघाडीवर नेलंस तर हात धरून ने. हे नीट केलं नाहीस तर मी पुन्हा रजिस्टर पत्र पाठवीन.

तू विचारशील, मी असं का केलं. तुझ्यासाठी नाही, हे आधी डोक्यातून काढ. तू तुझ्या चांगुलपणाने मला एवढं खाली ढकललं होतंस की मला ते सहन होईना. आणि दुसरं सांगतो, कोणाला बोलू नकोस. संमतीपत्रावर सही केली त्या दिवशी माझ्या मनात आलं होतं की एकदा बांध फुटला तर सगळे प्रश्न सुटतील. म्हणून लोकांनी विश्वास ठेवला तेव्हा मला राग आला नाही. लाज वाटली.

रविवारी मी आलो होतो. तू बांधावर होतास, बरं झालं. प्राची माझ्याबरोबर होती. बाबा ओटीवर बसले होते. त्यांनी वहिनीला तीनदा विचारलं, "माजा जेवान जाला काय गो?" तोंडाला आमटी लागलेली होती. प्राची पाया पडली तर म्हणाले, "तू कोनाची गो पोरी?" सहा वर्षं ती त्यांना वाढते आहे. मी अंगणाबाहेर उभा होतो. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि ओळखलं. वहिनीला म्हणाले, "त्याला आत नको घेव. त्यानं उघारी उघारली."

खरं सांगशील तर काय होईल? त्यांना पटेल. ते कपाळ बडवतील, आणि दुसऱ्या दिवशी विसरतील, आणि तू पुन्हा सांगशील. रोज सकाळी त्यांच्या हातून नव्याने चाळीस एकर बुडवणार आहेस का? माझ्यावर चिडले आहेत, चिडू देत. चिडलेला माणूस ताठ बसतो तरी.

मी गणपतीला आलो नाही, विसर्जनालाही येणार नाही. तुझ्याशी मला अजूनही बोलायचं नाही.

काल डॉक्टरांना फोन केला होता. सकाळचं संध्याकाळी आठवत नाही, पण मुलाने काय केलं ते आठ दिवस झाले तरी विसरले नाहीत, असं सांगितलं. डॉक्टर खूश झाले. म्हणाले, फार चांगलं लक्षण आहे.

दीपेश